पुंजारामने कॉम्प्युटर गार केला त्याची गोष्ट

नाशिककडच्या एका गावात माणसांपेक्षा कांदे जास्त आणि घरांपेक्षा कांदा साठवायच्या चाळी जास्त. त्या गावात पुंजाराम नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा? कोणी म्हणालं, "जरा थांब," की तो थांबायचा. म्हणणारा पाहुण्यांकडे जाऊन दोन दिवसांनी परत यायचा. पुंजाराम तिथंच.

मन मात्र सोन्यासारखं. सांगितलेलं काम त्याने जन्मात कधी टाळलं नाही. एखादं टाळलं असतं तर गावावर उपकार झाले असते.

त्याची बायको मथुरा. लग्नाच्या वेळी सातवी पास होती. पुढं दिवसा कांदे निवडले, संध्याकाळी भाकरी थापल्या, आणि मधल्या वेळात पुस्तकं वाचली. बाहेरून बसून दहावी केली, बारावी केली, मग ग्रंथपालाचा कोर्ससुद्धा टपालाने केला. गावातले बाप्ये हसले. हसणाऱ्यांपैकी एकालाही अर्ज लिहिता येत नव्हता. सगळे मथुराकडूनच लिहून घ्यायचे.

तर तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा निघाली. मथुराने अर्ज केला. मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर. समोरच्या बाई पडद्यावर दिसणार, प्रश्न विचारणार, आणि मथुराने पुस्तकांची यादी त्यांच्या डोळ्यांदेखत कॉम्प्युटरवर करून दाखवायची. मोबाइल चालणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं.

कॉम्प्युटर घरात होता. मथुराच्या भावाने, दौलतने, तो शहरात एकेक भाग गोळा करून जोडला होता. एकाचा डबा, दुसऱ्याचे पंखे, तिसऱ्याचं पोटातलं सामान. जोडला चांगला, पण तापायचा. तापला की पंखे बोंबलायचे. पंखे बोंबलून थकले की कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. सगळा खेळ दहा मिनिटांचा.

मुलाखतीच्या आधीच्या सोमवारी वाचनालयाच्या बाईंनी नुसतं बोलून बघायला कॉम्प्युटरवरच फोन जोडला. दोन वाक्यं झाली आणि बाई म्हणाल्या, "अहो मथुराबाई, तुमच्या मागे मळणीयंत्र चालू आहे का?"

मथुराच्या मागे फक्त पुंजाराम होता.

"काही ऐकूच येत नाही हो," बाई म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी अकरा वाजता असं झालं तर मला तुमची मुलाखत घेता यायची नाही. पुढचा नंबर बोलवावा लागेल." एवढं बोलेपर्यंत कॉम्प्युटर बंद पडला.

मथुरा गप्प बसली. लग्नानंतरच्या अठरा वर्षांत ती पहिल्यांदाच गप्प बसली होती.

"तू कांदे निवडायला जा," तो म्हणाला. "कॉम्प्युटर गार आणि गप्प करायचं माझ्याकडे लागलं."

मथुराने त्याच्याकडे बघितलं. नको म्हणणार होती. पण चाळीत कांदे सडत होते.

मंगळवारी पुंजारामने दौलतला फोन लावला.

"दाजी, सोपं आहे," दौलत म्हणाला. "पंख्यांवर धूळ बसली असेल. मऊ ब्रशने झाडून काढा."

घरात मऊ ब्रश एकच. पुंजारामचा दाढीचा. त्याने डब्याचं झाकण काढलं. पंखा गरगर फिरत होता. त्याने ब्रश घातला.

भर्रर्र झालं. अर्धा ब्रश पंख्यात गेला, अर्धा हातात राहिला. पंखा आता मळणीयंत्रासारखा बोंबलत नव्हता. घुंगरू बांधलेल्या मळणीयंत्रासारखा बोंबलत होता.

संध्याकाळी मथुरा आली. कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, आधी बंद नाही का करायचं?"

"केलं होतं की. हा पडदा बंद केला होता."

"पडद्याला काय विचारता! धूळ झाडायची तर आधी वीज मुळापासून बंद करायची. मुळापासून! मग झाडायचं."

"मुळापासून बंद, मग झाडायचं," पुंजाराम म्हणाला. "पुढच्या वेळी अगदी तसंच करीन."

झाकण परत लावायला मथुराने स्क्रू मागितले. पुंजारामने खाटेकडे बोट केलं. खाटेवर चार स्क्रू ठेवले होते. आता दोन होते, आणि शेजारी कोंबडी उभी होती. तिचा चेहरा असा की मी काही केलंच नाही.

"अहो, काढलेली वस्तू अशी उघड्यावर टाकतात का? डबीत घालायची. आणि डबी अशा जागी ठेवायची की कोणाचा हात पोचता कामा नये."

"कोंबडीला हात कुठं असतात?" पुंजारामने विचारलं.

मथुरा चुलीकडे गेली. काही प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा भाकरी थापणं बरं असतं.

बुधवारी सकाळी मथुराने चष्मा काढून कट्ट्यावर ठेवला आणि तोंड धुवायला गेली. पुंजारामने बघितलं. वस्तू काढलेली. उघड्यावर. कोंबडी दहा पावलांवर. त्याने चष्मा पत्र्याच्या डबीत घातला, डबी घेऊन घरामागच्या कडुलिंबावर चढला आणि शेंड्याच्या बेचक्यात ठेवून आला.

मथुराने अर्धा दिवस चष्मा शोधला. मग शिडी आणली, पदर खोचला, वर चढली आणि चष्मा काढला. हो, चढली. त्यात काय एवढं? आंबे उतरवायला चढतात तेव्हा कोणी विचारत नाही.

"पण तुझा हात पोचला की," पुंजाराम हळहळला. "शिडी लावली की पोचतो."

"मग आता विहिरीत टाका!" मथुरा वरून ओरडली.

पुंजाराम विचारात पडला. विहीर. हे त्याला सुचलंच नव्हतं.

गुरुवारी परत दौलतला फोन.

"दाजी, डबा भिंतीला चिकटवून ठेवलाय ना? तिथंच चुकतं. तुमची कांद्याची चाळ कशी असते? जमिनीपासून उचललेली, खालून मोकळी. खालून गार हवा शिरते, वरून गरम हवा निघून जाते, म्हणून कांदा सडत नाही. कॉम्प्युटरलाही चाळीसारखं ठेवा."

"चाळीसारखं कशाला?" पुंजाराम म्हणाला. "चाळच आहे की आपल्याकडे."

त्याने कॉम्प्युटर उचलला आणि चाळीत नेऊन ठेवला. झाकण उघडं ठेवलं, हवा जायला. मग लांब उभं राहून बघितलं. चाळीत कॉम्प्युटर बरा दिसेना. चाळ म्हटली की कांदे आले. त्याने दोन पाट्या कांदे वरून ओतले.

संध्याकाळी मथुराने तो उपसून घरात आणला. पुसला आणि चालू केला. आत फोलपटं राहिली होती. ती आतल्या तापलेल्या धातूवर करपली आणि घरभर वास सुटला. पाच मिनिटांत शेजारची अनुसया ताटली घेऊन दारात.

"मथुरे, भजी केलीस आणि हाक नाही मारलीस?"

"भजी नाही. कॉम्प्युटर आहे."

"काय का असेना, दे दोन."

मथुराने हसावं की रडावं ते ठरवलं नाही. आधी कॉम्प्युटर बंद केला. मुळापासून.

"अहो, चाळीसारखी हवा द्यायची होती. कांदे नाही! खालून मोकळं, वरून मोकळं, एवढंच."

"खालून मोकळं, वरून मोकळं," पुंजारामने घोकलं. "म्हणजे गार राहतं."

शुक्रवारी दुपारी ऊन मी म्हणत होतं. पुंजाराम पाणी प्यायला गेला. रांजणातलं पाणी कोमट. त्याने रांजणाकडे नीट बघितलं. वरून मोकळा होता. खालून बंद.

हातोडीचे दोन घाव पुरले.

रांजण गार झाला. स्वयंपाकघर गार झालं. पिठाचा डबा, चूल आणि मथुराच्या ग्रंथपालाच्या वह्या, सगळं गार झालं. मथुराने वह्या दोरीवर वाळत घातल्या आणि एकही शब्द बोलली नाही. पुंजारामला वाटलं, हिला आवडलेलं दिसतंय.

शनिवारच्या एसटीने दौलतने एक पार्सल पाठवलं. आत एक मोठा पंखा आणि पेस्टची नळी. फोनवर त्याने सावकाश समजावलं.

"दाजी, नीट ऐका. कॉम्प्युटरची चिप म्हणजे त्याचा मेंदू. तीच तापते. तिच्यावर धातूचा ठोकळा बसवलाय, तो तिची उष्णता ओढून घेतो. दोघांच्या मध्ये ही पेस्ट लागते. जुनी सुकलीय. ती पुसून टाका, नवी लावा. जास्त नको. तांदळाच्या दाण्याएवढी."

"कच्च्या दाण्याएवढी की शिजलेल्या?"

"कच्च्या, दाजी."

"इंद्रायणी की बासमती?"

"ताईला फोन द्या."

ताई चाळीत होती. मग पुंजारामनेच ठरवलं. घरात इंद्रायणी होता. त्याने जुनी पेस्ट पुसली, माप म्हणून एक दाणा चिपवर ठेवला, शेजारी बरोबर तेवढीच पेस्ट घातली आणि वरून ठोकळा बसवला. दाणा काढायचा, असं दौलत बोलला नव्हता.

त्या दिवशी कॉम्प्युटर चार मिनिटांत बंद पडला. मथुराने ठोकळा उचलून बघितलं. आत छोटासा कुरमुरा झाला होता.

मुलाखतीला आता एकच दिवस उरला होता. मथुरा पायरीवर बसली. हातात कुरमुरा.

"अहो," ती म्हणाली, आणि आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट होतं. "मी अठरा वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. हा एक माझा होता."

पुंजारामच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी मुद्दाम नाही गं करत."

"माहीत आहे मला. मुद्दाम केलं असतं तर एवढं जमलं नसतं."

रविवारी मथुराने कांद्याला सुट्टी दिली. दौलतला फोनवर घेतलं आणि स्वतः बसली. वीज काढली. फोलपटं, ब्रशचे केस आणि दोन वर्षांची धूळ काढली. ठोकळा पुसून लख्ख केला. पेस्ट दाण्याएवढी, दाण्याशिवाय. बोंबलणारा छोटा पंखा काढून तिथं मोठा लावला. मोठा पंखा सावकाश फिरतो, हवा तेवढीच देतो आणि ओरडत नाही. माणसांतही असंच असतं, पण ते असो. पंखा जिथं डब्याला टेकतो तिथं तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे थरथर डब्यात उतरत नाही. डबा भिंतीपासून हातभर पुढं ओढला आणि दोन विटांवर ठेवला. कोंबडीने खाल्लेल्या स्क्रूंच्या जागी सुतळी बांधली.

मग चालू केला. मथुरा ऐकत राहिली. पुंजाराम ऐकत राहिला. दहा मिनिटं, अर्धा तास, एक तास. मांजर झोपल्यावर करतं तेवढाच आवाज. डब्याला हात लावला तर कोमटसुद्धा नाही.

जे काम पुंजारामला पाच दिवसांत जमलं नाही ते तिने तीन तासांत केलं. तिने आधीच केलं असतं तर? असतं. पण मग कांदे कोणी निवडले असते?

सोमवार उजाडला. मथुराने इस्त्रीची साडी नेसली, केस बांधले, अकराला पाच मिनिटं असताना कॉम्प्युटरसमोर बसली. पुंजारामला तिने मागे स्टुलावर बसवलं. बाहेर ठेवण्यापेक्षा नजरेसमोर बरा.

"ऐका. कशाला हात लावायचा नाही. बोलायचं नाही. खोकायचं नाही."

"मग मी करू काय?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. मथुराला दया आली. तिथंच ती चुकली.

"बरं, धूळ बसू देऊ नका. दिसलीच तर हळूच झाडा, तेवढंच करा."

पुंजाराम अर्धा उरलेला दाढीचा ब्रश घेऊन बसला.

मुलाखत सुरू झाली. वाचनालयाच्या बाई पडद्यावर आल्या आणि पहिलंच म्हणाल्या, "अरे वा, आज मळणी आटोपली वाटतं!" मथुरा हसली. मग प्रश्न सुरू झाले. मुलांना कोणती पुस्तकं द्याल? पुस्तक परत न करणाऱ्याचं काय कराल? मथुरा म्हणाली, "त्याच्या घरी जाऊन दुसरं पुस्तक देईन आणि पहिलं घेऊन येईन." बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग तिने पुस्तकांची यादी करून दाखवली, एकही चूक नाही. कॉम्प्युटर गार. कॉम्प्युटर गप्प.

एवढ्यात खिडकीतून वारा आला. वाऱ्याबरोबर चाळीतलं एक फोलपट आलं. लाल, पातळ, कांद्याचं. तरंगत तरंगत येऊन ते मथुराच्या केसांवर बसलं.

पुंजारामने ब्रश उचलला. आणि थांबला.

नाही. गेल्या वेळी इथंच चुकलो होतो. आधी मुळापासून बंद. मग झाडायचं.

तो पाय न वाजवता उठला. वीज कुठून येते? कॉम्प्युटरमध्ये भिंतीतून येते. भिंतीत मीटरमधून येते. मीटरमध्ये तारेतून येते. पुंजाराम तारेखालून चालत निघाला. पहिला खांब. दुसरा खांब. तिसरा. तार मारुतीच्या देवळावरून गेली, तोही गेला. तार पिठाच्या गिरणीवरून वळली, तोही वळला. गावाच्या शेवटी शाळेमागे डीपी होती. सगळ्या गावाची वीज तिथून निघते. यापुढे तार दुसऱ्या गावाला जात होती.

हे मूळ.

डीपीच्या पेटीचं कुलूप गावाने कधीच गमावलं होतं. पुंजारामने खटका खाली ओढला. कोणी चुकून वर करू नये म्हणून आतले तिन्ही फ्यूजही काढून घेतले.

इकडे बाई शेवटचा प्रश्न विचारत होत्या. "मथुराबाई, तालुक्याला रोज यायचं म्हणजे सोपं नाही. घरच्यांची साथ आहे का तुम्हाला?"

मथुराच्या डोळ्यांसमोरून अठरा वर्षं गेली. मग मनापासून म्हणाली, "आहे हो. आमचे हे जरा भोळे आहेत. पण मी काही करायला घेतलं, की ते नेहमी—"

पडदा काळा झाला.

पंखा थांबला. गिरणी थांबली. देवळाच्या भोंग्यावरचं भजन एका शब्दावर अडकून थांबलं. मळ्यातल्या सगळ्या मोटरी थांबल्या.

बऱ्याच वेळाने पुंजाराम आत आला. धापा टाकत होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. त्याने ब्रशने अगदी हळुवार मथुराच्या केसांतलं फोलपट झाडलं.

"मुळापासून बंद केलं," तो म्हणाला. "मगच झाडलं. या वेळी चुकलो नाही."

मथुराने तोंड उघडलं. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. वाचनालयाच्या बाई होत्या.

"मथुराबाई, शेवटचं उत्तर अर्धंच ऐकू आलं. 'ते नेहमी' म्हणालात, आणि गेलात."

"बाई," मथुरा म्हणाली, "उरलेलं उत्तर माझ्यासमोर दाढीचा ब्रश घेऊन उभं आहे." आणि तिने घडलं ते सगळं सांगितलं. आता लपवून काय उपयोग होता?

पलीकडे बाई हसल्या. इतक्या हसल्या की फोन हातातून पडल्यासारखा आवाज आला.

"यांना सांभाळून तुम्ही तीन परीक्षा दिल्यात?" त्या म्हणाल्या. "मग वाचनालय काय, तालुका सांभाळाल. गुरुवारी रुजू व्हा. मात्र यांना बरोबर आणू नका."

मथुरा खुर्चीत बसली. हसली, डोळे पुसले, परत हसली. एवढ्या आनंदात माणूस क्षमाही करून टाकतं.

बाहेर गाव जमलं होतं. गिरणीवाला पुढं, हात पिठाचे.

"पुंजातात्या, तुला डीपीकडून येताना बघितलंय. फ्यूज कुठायत?"

"आहेत की. डबीत घातलेत."

"आणि डबी?"

"काळजीच करू नका," पुंजाराम म्हणाला. "कोंबडीची चोच पोचणार नाही. शिडी लावली तरी कोणाचा हात पोचणार नाही. गावविहिरीत ठेवलीय."

गाव विहिरीकडे धावलं. वाकून बघितलं. साठ हात खोल विहीर, त्यात चाळीस हात पाणी. डबी तळाला.

"त्यात काय, मोटर लावून विहीर उपसू," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळे हो म्हणाले. दोघं मोटरीकडे पळालेसुद्धा. एक जण बटण दाबायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

गावात गिरणी नाही, भोंगा नाही, मोटर नाही, पंखा नाही. पान पडलं तरी ऐकू यावं.

पुंजाराम घरी आला. कॉम्प्युटरच्या डब्याला त्याने आधी हात लावून बघितला. मग कान लावला. मग मथुराला हाक मारली.

"मथुरे, बघ. आता कसा गार आणि गप्प झालाय!"